विश्वासाची आगोट

वैशाख उतरणीला लागला की हेदवीत घरोघर आगोटीची लगबग सुरू होते. मिरच्या वाळून डब्यात जातात. रातांब्याची सालं रसात बुडवून पुन्हा पुन्हा उन्हात घातली जातात. कुळीथ निवडले जातात, सुकी मासळी बांधून ठेवली जाते, लाकूडफाटा पडवीत रचला जातो आणि कोणीतरी छपरावर चढून कौलं चाळून घेतं. मृग लागल्यावर काय होतं ते इथल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. पाऊस एकदा बसला की घरात जे आहे त्यावरच भागवायचं. माझ्या विश्वासाबद्दल मला जे सांगायचं आहे ते या आगोटीपासूनच सुरू होतं. उन्हाच्या दिवसांत जे साठवलं, त्यावरच पावसाळा निघतो. ख्रिस्तावरचा विश्वासही मी असाच साठवला, असाच पुरवला, आणि तो मला पुरला.

मी मूळची नगरकडची. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला ठाणं मांडलं, आणि पुढे तिथल्या एका शाळेतून आमच्या घराण्यात ख्रिस्ताचं नाव आलं. आमच्याकडे आभाळाकडे डोळे लावून बसायची सवय. पाऊस आला तरी सण. लग्नानंतर ह्यांच्या नोकरीमुळे आणि मग माझ्या शाळेमुळे मी गुहागर तालुक्यात आले, हेदवीत राहिले, आणि पहिल्यांदा असा पाऊस पाहिला की जो थांबावा म्हणून माणसं देवाची प्रार्थना करतात.

हेदवी म्हटलं की बाहेरच्या माणसाला दोन ठिकाणं आठवतात. एक, झाडीत वसलेलं दशभुज लक्ष्मीगणेशाचं देऊळ आणि त्यातली दहा हातांची शुभ्र मूर्ती. दुसरं, समुद्रकाठच्या उमामहेश्वराच्या देवळाजवळची बामणघळ. काळ्या कातळाला पडलेली ती अरुंद चीर. भरतीचं पाणी आत शिरतं, कोंडतं, आणि फवारा होऊन माणसाच्या कितीतरी वर उसळतं. ओहोटीला तिथे जावं तर नुसता ओला कातळ. आलेल्या पाहुण्यांना मी भरतीची वेळ विचारूनच तिकडे नेते. पण स्वतः मी दोन्ही वेळांना गेले आहे. भरतीला गर्दी असते. ओहोटीला तिथे एकटीने बसून प्रार्थना करता येते.

अशा गावात आमचं घर ख्रिस्ती. पण त्यामुळे कोणी आम्हांला परकं मानलं नाही. गौरीगणपतीत वाडीतून आमच्याकडे मोदक यायचे. नाताळात आमच्या ओटीवर ताऱ्याचा कंदील लागला की पोरं करंज्या-शंकरपाळ्यांसाठी जमायची. शिमग्याची पालखी दारावरून जाई तेव्हा आम्ही उभं राहून मान देत असू. दिवेलागणीला आजूबाजूच्या घरांतून शुभंकरोती ऐकू येई, आणि त्याच सुमारास हे पेटी काढून ओटीवर बसत. ‘उपासना संगीत’ उघडायचं, दोन भजनं म्हणायची, वचन वाचायचं, प्रार्थना करायची. रविवारीही तेच, फक्त थोडं सावकाश. नगरला देवळात शेकडो गळे एकदम उंचावत. इथे आम्ही दोघं, सासूबाई आणि नंतर आमची लेक. मंडळी लहान असली तर उपासना लहान होते असं मला वाटलं नाही, याचं श्रेय माझ्या सासूबाईंना.

सासूबाईंचा एक नेम होता. घरात आनंदाचं काही घडलं, मुलगी झाली, कोणाला नोकरी लागली, अंगणातल्या कलमाचा पहिला आंबा उतरला, की त्या दिवशीची प्रार्थना लांब व्हायची. दुःखाच्या दिवशी माणूस आपोआप गुडघे टेकतो, त्यासाठी कोणी सांगावं लागत नाही. सुखाच्या दिवशी मात्र बसवून घ्यावं लागतं, असं त्या म्हणत. आमच्या लेकीच्या जन्माच्या दिवशी पाहुण्यांनी घर भरलं होतं, तरी त्यांनी सर्वांना थांबवलं आणि एकेकाचं नाव घेऊन देवाचे आभार मानले. सुईणीचं, डॉक्टरांचं, रात्री गाडी काढणाऱ्या शेजाऱ्याचं. आभार मानायला शिकणं म्हणजे आपलं सुख कोणाकोणाच्या हातांतून आपल्यापर्यंत आलं ते ओळखायला शिकणं. ही ओळख ज्याच्याजवळ आहे तो सुखात माजत नाही आणि ते सुख गेलं तरी रिता होत नाही. सासूबाईंनी आमची आगोट भरली ती अशी.

‘उपासना संगीता’तली कितीतरी भजनं नारायण वामन टिळकांची. ते नाव घेतलं की आमच्या घरात एक अभिमान जागा होई, कारण टिळक या मातीतले. हेदवीहून गुहागरमार्गे धोपाव्याला जावं, फेरीबोटीने खाडी ओलांडून दाभोळला उतरावं, की दापोली तालुका लागतो. त्याच तालुक्यातल्या करजगावी ६ डिसेंबर १८६१ रोजी त्यांचा जन्म झाला. तसं पाहिलं तर या किनाऱ्याने ख्रिस्ताचं नाव त्याआधीच ऐकलं होतं. बाणकोट आणि हर्णै इथे १८२३ पासून स्कॉटिश मिशनरी काम करू लागले. पहिले आलेले डोनाल्ड मिचेल त्याच वर्षी वारले. मुंबईचं विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाने आहे ते जॉन विल्सन १८२९ साली या देशात आले तेव्हा मराठी शिकायला हर्णैला येऊन राहिले. पण कोकणच्या माणसाच्या गळ्यातून, आपल्या अभंगाच्या चालीवर, ख्रिस्त मराठीत गाऊ लागला तो टिळकांमुळे. तुकोबांनीच आपल्याला ख्रिस्तापर्यंत पोचवलं, ही त्यांची भावना होती. धर्म बदलला तरी त्यांनी आपल्या मायबोलीचं एकही दार मागे बंद केलं नाही.

टिळकांची गोष्ट आमच्या ख्रिस्ती घरांत नेहमी त्यांच्या बाजूने सांगितली जाते. १८९३ साली राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. ते डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत आले आणि तिथेच खिळले. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इथपर्यंत आनंदच आनंद. लहानपणी मलाही ही गोष्ट इथवरच सांगितली गेली. पुढे मी टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचलं, आणि त्याच दिवसाची दुसरी बाजू समोर आली. ज्या दिवशी टिळकांना जन्माचं समाधान मिळालं त्या दिवशी लक्ष्मीबाईंचा संसार कोसळला. पदरात लहानगा दत्तू, नवरा असून नवरा नाही, नातेवाइकांच्या आधाराने पंढरपुरात दिवस काढायचे, आणि लोकांचं बोलणं वेगळंच.

विश्वासाच्या ऋतूंबद्दल बोलताना आपण हे विसरतो, म्हणून मी मुद्दाम इथे थांबते. एकाच घरात, एकाच दिवशी, एकाचा आनंद दुसऱ्याचं दुःख होऊ शकतो. ख्रिस्ताकडे जाणाऱ्याने काय सोडलं याचा हिशेब आपण मांडतो. त्याच्या मागे राहिलेल्यांनी काय सोसलं हेही त्याच वहीत लिहायला हवं. टिळकांचं मोठेपण मला त्यांच्या बाप्तिस्म्यात जेवढं दिसतं त्याहून अधिक त्यानंतरच्या वाट पाहण्यात दिसतं. लक्ष्मीबाई पुढे नगरला आल्या तेव्हा आपलं सोवळं आणि आपला स्वयंपाक वेगळा सांभाळून होत्या, आणि टिळकांनी ते तसंच चालू दिलं. मग हळूहळू, स्वतःच विचार करून, जातिभेद देवाने केलेला नाही, माणसांनी केला, या निर्णयाला त्या आल्या. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मधली पाच वर्षं त्या दोघांनी जी काढली ती दोघांच्याही श्रद्धेची खरी परीक्षा होती.

आणि त्या वर्षांबद्दल लिहिताना लक्ष्मीबाईंच्या लेखणीत विखार नाही. १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’चे भाग येऊ लागले तेव्हा त्या साठीच्या पुढे होत्या, टिळकांना जाऊन पंधरा वर्षं झाली होती. त्यांनी टिळकांचा तापटपणा, बेहिशेबीपणा, अवचित घर सोडून निघून जाणं, यातलं काही लपवलं नाही. आणि तरीही पुस्तकभर त्या माणसावरचं त्यांचं प्रेम दाटून आहे. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले. त्यांनी ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध काव्य सुरू केलं होतं, ते अपुरं राहिलं. शाळेचं तोंड धड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी त्यात ६४ अध्यायांची भर घातली. ज्या विश्वासाने एकदा त्यांचं घर मोडलं होतं, त्याच विश्वासाचं काव्य त्यांनी पुढे नेलं. विश्वास राखणं म्हणजे काय असं कोणी मला विचारलं तर मी हे ६४ अध्याय दाखवीन.

विश्वास राखण्याची वेळ पुढे माझ्यावरही आली. हे आजारी पडले तेव्हा लेक शाळेत होती. आधी किरकोळ वाटलेलं दुखणं चिपळूण, मग रत्नागिरी, मग मुंबई असं करत वाढत गेलं. परतताना एसटीच्या खिडकीतून पावसाच्या धारा बघत मी एकच मागणं मागत होते. बरं कर. नगरच्या मंडळीत त्यांच्यासाठी उपवास-प्रार्थना झाल्या, हेदवीत शेजाऱ्यांनी गणपतीला गाऱ्हाणं घातलं. दोन्हीकडची प्रार्थना मी सारख्याच मनाने घेतली. ते बरे झाले नाहीत.

नंतर भेटायला आलेल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी, बहुधा धीर द्यावा म्हणूनच, मला सांगितलं की प्रार्थनेत विश्वास पुरेसा असला की देव ऐकतोच. याचा अर्थ काय होतो हे त्यांच्या लक्षात आलं नसावं. ती रात्र मी ईयोबाचं पुस्तक उघडून बसले. ईयोबाची मुलं गेली, गुरंढोरं गेली, अंगभर फोड उठले, तेव्हा त्याचे मित्र आले. जोवर ते सात दिवस त्याच्याजवळ मुकाट बसले तोवर ते खरे मित्र होते. बोलू लागले तेव्हा त्यांनी देवाची बाजू घेतली आणि दुखावलेल्या माणसालाच दोषी धरलं. आणि पुस्तकाच्या शेवटी देव कोणावर रागावतो? त्या मित्रांवर. आकांत करणारा, देवाला जाब विचारणारा ईयोबच खरं बोलला, असं देव सांगतो. दुःखितापाशी जाणाऱ्या प्रत्येक ख्रिस्ती माणसाने, पाळकाने, आप्ताने हे पुस्तक आधी शेवटापर्यंत वाचावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तरीही त्या पावसाळ्यात आमच्या ओटीवरची पेटी बंद होती. मी बायबल उघडत होते, पण गात नव्हते. गळ्यातून आवाज निघत नव्हता असं नाही. ज्याच्यासाठी गायचं त्याच्याशी बोलावंसं वाटत नव्हतं. शेजारच्या वृद्ध आजी, जन्मभर शेतीत राबलेल्या, गडग्यापलीकडून रोज मला बघत होत्या. एका संध्याकाळी त्या आमच्या पायरीवर येऊन टेकल्या. वरीचे तांदूळ आणले होते पदरात बांधून.

“बाई, लय दिस झालं, तुमचं गानं आयकलं नाय,” त्या म्हणाल्या. “देव रागावलाय तुमच्यावर, का तुम्ही देवावर?”

“मीच रागावलेय, आजी.”

“मंग तसं सांगा की त्याला. पन गप नका ऱ्हाऊ.”

आजींना बायबल ठाऊक नव्हतं. पण दीडशे स्तोत्रांपैकी कितीतरी स्तोत्रं नेमकं हेच करतात हे मला त्या क्षणी कळून आलं. देवा, तू कुठे आहेस, किती दिवस मला विसरणार, असं ती स्तोत्रं देवालाच विचारतात. वधस्तंभावर ख्रिस्ताने जो टाहो फोडला तोही अशाच एका स्तोत्रातला, बाविसाव्या. देवाने आपल्याला टाकलं असं ज्याला वाटलं तो स्वतः देवाचा पुत्र होता, आणि त्याने ते वाटणं दडवलं नाही. ते देवापाशीच बोलून दाखवलं. तक्रार करणारा माणूस अजून नात्यात असतो. नातं तुटतं ते अबोल्याने. त्या रात्री मी ओटीवर बसून एकटीने भजन म्हटलं. आवाज फाटत होता. लेक दारात येऊन उभी राहिली आणि दुसऱ्या कडव्यापासून तिने साथ धरली. शब्द आम्हां दोघींना पाठ होते; चांगल्या दिवसांत रोज म्हटलेले ते शब्द वाईट दिवशी शोधावे लागले नाहीत.

दुःखाने माणूस खचतो तेव्हा त्याला मोठमोठी स्पष्टीकरणं पेलत नाहीत. त्याला हाताशी काम लागतं. पंडिता रमाबाईंचं चरित्र मी त्या वर्षांत पुन्हा वाचलं. दुष्काळात आईवडील गेलेले, मग बहीण, मग भाऊ. लग्न होऊन दोन वर्षं होत नाहीत तोच पती बिपिनबिहारी गेले, कडेवर मनोरमा. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो या सगळ्यानंतर. परत येऊन त्यांनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडलं, पुढे केडगावला मुक्ती सदन उभं केलं, आणि दुष्काळांत उघड्या पडलेल्या शेकडो मुलींना आसरा दिला. आपण उपासमारीत जे भोगलं ते दुसऱ्या मुलीला भोगावं लागू नये, हीच त्यांची रोजची प्रार्थना झाली. १९२१ साली मनोरमा, एकुलती एक लेक, आईच्या आधी गेली. रमाबाईंनी हातातलं बायबलच्या मराठी भाषांतराचं काम सोडलं नाही. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून हाती घेतलेलं ते काम पुरं केलं, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. लेकीच्या मरणाचं कोडं त्यांना सुटलं असेल असं मला वाटत नाही. कोडं न सुटताही रोजचं पान लिहिता येतं, हे त्यांनी दाखवलं. मग मीही पुन्हा शाळेत शिकवायला जाऊ लागले आणि संध्याकाळी वाडीतल्या मुलांची शिकवणी ओटीवर घेऊ लागले. पेटीच्या शेजारी आता पाट्या-वह्या असत.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा मी निवृत्त होते. श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला ते जमिनीवर चढलं. आमच्या जिल्ह्यात सर्वांत मोठा तडाखा मंडणगड आणि दापोलीला बसला. पिढ्यांपिढ्यांच्या सुपारी-नारळाच्या वाड्या एका दुपारी आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं, आणि २२ जुलैला चिपळुणात पुराचं पाणी घरांच्या माळ्यापर्यंत चढलं. त्या दिवसांत मला हबक्कूक संदेष्टा फार जवळचा झाला. अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाचं पीक बुडालं, गोठ्यात गुरं नाहीत, तरीही मी देवाच्या ठायी आनंद करीन, असं तो म्हणतो. नगरला असताना मला ते बोलणं केवळ सुंदर वाटे. इथे, मोहोर करपलेला आणि बाग झोपलेली पाहिल्यावर, ते किती महाग आहे हे कळलं. तो शेतकऱ्याच्या तोंडचा आनंद आहे. एकेका नुकसानीचं नाव घेऊन मग उच्चारलेला. सुपारीचं रोप लावून फळ हाती यायला वर्षानुवर्षं जातात हे ठाऊक असूनही, त्याच पावसात लोक नवी रोपं लावत होते. त्यातल्या बहुतेकांनी हबक्कूकचं नावही ऐकलेलं नव्हतं. पण आशा कशी दिसते ते मी त्यांच्या हातांत पाहिलं.

आता लेकीचं लग्न झालं आहे, घरात नातवंडाचं रडणं-हसणं आहे, आणि मी सासूबाईंचा नेम चालवते. आनंदाच्या दिवशी प्रार्थना लांब. मुलं कंटाळतात, चुळबुळ करतात, करू देत. मला एवढं कळलं आहे की विश्वासामुळे दुःख टळत नाही. ख्रिस्ताने तसं वचन कधी दिलंही नाही. जगात तुम्हांला क्लेश होतील असंच त्याने शिष्यांना सांगितलं, आणि मी तुमच्याबरोबर आहे असं सांगितलं. त्याच्या या सोबतीवर मी जगले आहे. ती सोबत कधी वचनातून आली, कधी टिळकांच्या भजनातून, कधी पदरात वरीचे तांदूळ बांधून आलेल्या शेजारणीच्या रूपाने.

म्हणून जे आज सुखात आहेत त्यांना माझं सांगणं आहे. दिवस बरे आहेत तोवर मुलांना दोन भजनं पाठ करून द्या, जेवणाआधी नाव घेऊन आभार माना, शेजाऱ्याच्या दुःखात जाऊन बसा. आणि जे आज दुःखात आहेत त्यांनी देवाशी भांडावं, रडावं, जाब विचारावा; पण त्याच्याशी बोलणं टाकू नये. जवळच्या एखाद्या माणसाला दारात येऊ द्यावं. तो आपल्या धर्माचा असलाच पाहिजे असं नाही.